खाकी कागद, पोस्टर कलर आणि घरातले ठसे: मुलांसोबत केलेला गिफ्ट रॅप कितपत जमतो?

मुलांना घेऊन घरीच गिफ्ट रॅप करायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष आधी ठशाकडे जातं. बटाटा घ्यावा की स्पंज, पान की बाटलीचं झाकण? पण ठशामुळे काम क्वचितच बिघडतं. बिघडतं ते रंग जास्त झाल्यामुळे. म्हणून इथे कागद आणि रंग आधी पाहू, मग वस्तू.

कागदांत पहिला नंबर साध्या खाकी कागदाचा, 70 ते 90 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा), गुंडाळीतला. याला क्राफ्ट पेपर म्हणतात. जर्मन भाषेत ‘क्राफ्ट’ म्हणजे ताकद, आणि ते नाव त्याला शोभतं. यातले तंतू लांब असल्यामुळे ओल्या रंगाखाली तो फाटत नाही आणि खोक्याच्या कोपऱ्यावर ओढून घडी घातली तरी टिकतो. बहुतेक खाकी कागदाची एक बाजू किंचित चकचकीत असते, दुसरी खरखरीत. उजेडात तिरका धरला की फरक दिसतो. ठसे खरखरीत बाजूवर उठवावेत, कारण चकचकीत बाजूवर ठसा घसरतो आणि कडा फिसकटतात.

घेण्याआधी एक चाचणी जरूर करावी. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबा. थेंब तसाच गोल उभा राहिला तर कागदावर प्लास्टिकचा थर आहे. वह्यांना घालायला मिळणाऱ्या कव्हरमध्ये असा थर बऱ्याचदा असतो. त्यावर पोस्टर कलर बसत नाही, वाळल्यावर पापुद्रे निघतात. थेंबाखालचा कागद हळूहळू गडद झाला तर तो घ्यावा. बाजारातला चमकदार रॅपिंग पेपर याच चाचणीत बाद होतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. वर्तमानपत्र सरावाला उत्तम, पण ओलं झालं की लगेच फाटतं आणि त्याची शाई हाताला लागते. प्रिंटरचा ए-4 कागद रंग छान घेतो, मात्र आकार अपुरा पडतो. 12 × 8 × 3 सेंमीच्या डबीपर्यंत ठीक. कार्डशीट नकोच, घडीवर तडकते.

रंग पोस्टर कलरच. तो अपारदर्शक असतो, म्हणून खाकीवर उठून दिसतो. वॉटर कलर पारदर्शक असल्यामुळे तिथे जवळपास नाहीसा होतो. अॅक्रिलिक दिसायला सुंदर, पण वाळला की कपड्यांवरून निघत नाही, आणि रंगवलेले कागद एकमेकांवर ठेवले तर चिकटतात. लहान मुलांच्या हातात तो देऊ नये. छटांबाबत आमचं मत ठाम आहे: पांढरा, गडद निळा आणि लाल या तिघांवर खाकी कागद खुलतो. पिवळा मळकट दिसतो, त्यात पाव भाग पांढरा मिसळला तर सुधारतो. जांभळा मरतोच.

आता मुख्य गोष्ट. ताटलीत रंग ओतून त्यात ठसा बुडवला की काम बिघडलंच म्हणून समजा. ठशाच्या कडेला रंगाची गोट तयार होते, दाबल्यावर ती बाहेर सांडते आणि चांदणीचा गोळा होतो. जाड थर नंतर घडीवर तडकतो तो वेगळाच. यावर उपाय म्हणजे घरचं स्टॅम्प पॅड. भांडी घासायचा नवा, मऊ स्पंज ओला करून पूर्ण पिळून घ्या. ताटलीत ठेवून त्यावर एक छोटा चमचा पोस्टर कलर पसरा आणि चमच्याच्या पाठीने जिरवा. रंग फार घट्ट असला तर पाण्याचे चार-पाच थेंब पुरतात. रंग चमच्यावरून सावकाश सरकावा, ओघळू नये. स्पंज नसेल तर सुती फडक्याची चौपदरी घडी चालते. प्रत्येक रंगाला वेगळा पॅड हवा, नाहीतर पंधरा मिनिटांत सगळे मिळून चिखल होतो.

ठसा पॅडवर हलका टेकवायचा, पहिला छाप वर्तमानपत्रावर, पुढचे दोन-तीन खाकीवर. हे छाप क्रमाने फिके होत जातात आणि तीच हाताने केलेल्या कागदाची शोभा आहे. मुलं ते ‘दुरुस्त’ करायला पुन्हा त्याच जागी दाबतात, तेवढं थांबवावं. दुसरा ठसा कधीच नेमका पहिल्यावर बसत नाही.

खाकी कागदाखाली वर्तमानपत्राचे सहा-आठ पदर ठेवा. टणक टेबलावर झाकणासारखा कडक ठसा अर्धाच उमटतो. खाली गादी असली की सगळी कड टेकते. कागदाचे चारही कोपरे मास्किंग टेपने टेबलाला चिकटवा, नाहीतर रंग वाळताना कागद वळतो.

वस्तूंमध्ये सगळ्यात भरवशाचा बटाटा, पण एका अटीवर: काप एकाच फटक्यात, मोठ्या सुरीने, सपाट हवा. दोनदा सुरी फिरवली की मधे उंचवटा राहतो आणि ठशात पांढरी रेघ येते. कापलेला भाग कोरड्या कापडावर दहा मिनिटं पालथा ठेवा. बटाट्याचं पाणी रंगात उतरलं की छाप पुसट आणि ठिपकेदार येतो. आकार कोरताना साधारण अर्धा सेंमी खोल जा, नाहीतर तळाचा भागही रंग घेतो. मागे दोन्ही बाजूंना खाच पाडली की लहान बोटांना धरायला मूठ मिळते. कोरणं मोठ्यांचं काम. असा ठसा एक दिवस चालतो, दुसऱ्या दिवशी सुकून मधे खोलगट होतो. अक्षर कोरायचं असेल तर आरशात दिसतं तसं उलटं कोरा.

भेंडीचा देठाकडचा आडवा काप बहुधा पाच पाकळ्यांचं फूल देतो, कोरायची गरजच नाही. मात्र तिचा चिकटपणा त्रास देतो; कापून अर्धा तास उघडी ठेवा. कांद्याची वलयं दिसायला फार देखणी, पण दाबताना पदर सुटतात. काप जाड ठेवून आडवी टूथपिक खुपसली तर सुटत नाहीत. ढोबळी मिरची लहान मुलांच्या हातात घसरते, तिला आम्ही मागे ठेवू.

न सडणाऱ्या वस्तू खरं तर जास्त उपयोगी. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या लाटा उघड्या होतात. त्याचा तुकडा दाबला की सरळ समांतर रेघा मिळतात. पुठ्ठा वाळल्यावरच वापरा. कागदी नळकांड्याची कड गोल ठसा देते, एका बाजूने चेपली तर बदाम. पेन्सिलीच्या मागचं रबर म्हणजे तयार ठिपका. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसली असतील तर याने सुरुवात करावी, कारण यात चुकायला जागा नाही. बबल रॅप पॅडवर न दाबता त्यावर स्पंजने रंग टेकवावा, नाहीतर फुग्यांमधल्या खोबणीत रंग साचतो. झाडाचं पान शिरांच्या बाजूने रंगवायचं, वर कोरा कागद ठेवून तळहाताने दाबायचं आणि देठाला धरून उचलायचं.

सगळ्यांत गुणी वस्तू मात्र लाटणं आणि रबरबँड. लाटण्यावर आठ-दहा रबरबँड कमी-जास्त अंतरावर, थोडे तिरके चढवा, पॅडवरून एकदा फिरवा आणि कागदावर एका दमात सरळ ढकला. मीटरभर कागद दोन-तीन मिनिटांत भरतो, आणि रबर मऊ असल्यामुळे रेघ अखंड येते. पुढे-मागे लाटू नये, रेघा दुहेरी होतात. लाटणं आधी क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलं तर लाकडात रंग शिरत नाही.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांना स्पंजचा मोठा तुकडा किंवा स्वतःचा तळहात पुरे. झाकणं, रबरबँड, मणी त्यांच्या हाताशी नकोत, ती तोंडात जातात. रंग विषारी नाही असं बाटलीवर लिहिलेलं पाहूनच घ्या.

माप रंगवण्याआधी काढा. खोक्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज दुप्पट करून त्यात 3 सेंमी मिळवा. ही कागदाची एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे खोक्याची लांबी अधिक उंचीची दीडपट. 20 × 15 × 6 सेंमीच्या खोक्याला 45 × 29 सेंमी कागद लागतो. त्याच्या 29 सेंमीच्या एका कडेला 3 सेंमी पट्टी कोरी सोडा. कागद खोक्याभोवती फिरवल्यावर ही पट्टी दुसऱ्या कडेखाली जाते आणि गोंद कोऱ्या जागेवर बसतो. रंगावर चिकटपट्टी लावली तर तिच्याबरोबर पोस्टर कलरही निघून येतो.

पातळ थर अर्ध्या तासात वाळलेला दिसतो, पण खोकं बांधायला रात्रभर थांबावं. कागद वळलाच तर रंगाची बाजू खाली करून, वर साधा कागद ठेवून, कोमट कोरडी इस्त्री मागून फिरवा. वाफ बंद, कारण पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने विरघळतो. ओल्या बोटांचे ठसे उमटतात, पावसात नेलं तर रंग ओघळतो. खाकी कागद आणि पोस्टर कलर या जोडीचा हा एकच दोष आम्हाला मोठा वाटतो. पावसापाण्यातून न्यायची भेट पिशवीत घालूनच न्यावी.