‘मोकळी टाकी हाय अण्णा’ : ट्रेलरवाल्यांनो, हे भाडं वाचून ठेवा

माझी एकच गाडी आहे, चाळीस फुटी ट्रेलर. राहायला सांगलीजवळ कुपवाडला. गाडी मीच चालवतो, सोबत बहिणीचा मुलगा असतो. ट्रेलर म्हटलं की अवघड माल आलाच. पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, वळणावर सुटायला बघते, साखर कारखान्याचे मिल रोलर साखळीला दाद देत नाहीत. ढालगावकडं पवनचक्कीचं पातं चढवताना एका वळणावर अर्धा दिवस गेलेला मी पाहिलाय. अशा मालाबद्दल माझी तक्रार नाही. जड आहे, लांब आहे, घाण आहे, हे आधी कळलं तर माणूस तयारीनं जातो. फोनवर एक माल सांगून गाडीवर दुसराच ठेवतात, त्याबद्दल लिहितोय.

मे महिन्यात एका दलालाचा फोन आला. नंबर ओळखीच्या ड्रायव्हरकडून मिळाला म्हणाला. आपल्याच जिल्ह्यातल्या एका बंद डिस्टिलरीतली लोखंडी टाकी नवी मुंबईजवळ तळोज्याला एका यार्डात पोचवायची. वजन ८ टन, भाडं ४६ हजार, त्यातले १५ हजार लगेच. फोटोत टाकी निळी, स्वच्छ, धुतलेली. मी विचारलं, आत काय नाही ना? “मोकळी टाकी हाय अण्णा, धुऊन ठेवलीया. तुमी फकस्त गाडी लावा.” ८ टनाला ४६ हजार कोण देतं, हा प्रश्न मला तिथंच पडायला हवा होता. त्या महिन्यात गाडीचा हप्ता थकलेला, म्हणून तो मी मनातच दाबला.

गाडी लागली रात्री साडेदहाला. हायड्रा क्रेन तयारच होती. टाकी फोटोतली नव्हतीच. जुनी, वरून घाईनं रंग मारलेला, झाकणाचे सगळे बोल्ट आवळलेले. रुंदी टेपनं मोजली तर ३.१ मीटर. माल धरून गाडीची रुंदी २.६ मीटरच्या पुढं जाता येत नाही, गेली तर खास परवानगी लागते. दलालानं परवानगीचा फोटो फोनवर पाठवला, त्यावर माझ्या गाडीचा नंबर होता. बॅटरीच्या उजेडात मी तेवढाच बघितला. वजनकाट्याची चिठ्ठी त्यांनीच दिली, ८ टनाची. आम्ही पाचरी ठोकल्या, साखळ्या ओढल्या आणि निघालो.

गाडी हलली तशी काहीतरी वेगळं आहे हे स्टिअरिंगला कळत होतं. पेठ नाक्याच्या अलीकडं एका बाहेरच्या काट्यावर चढवली. माल १६ टन भरला! माझा ट्रेलर १६ टन सहज ओढतो, पण हे वरचे ८ टन आले कुठून? दलाल म्हणाला, “काटा चुकीचा हाय, चला तुमी.” तिथून गाडी मागं वळवायला हवी होती. मी वळवली नाही, ही माझी चूक, आणि ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

ते ८ टन म्हणजे स्पेंटवॉश आणि तळाचा गाळ. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरतं ते काळपट तपकिरी पाणी. टाकीत दोन फूट साचलेलं होतं, वरचं सगळं पोकळ. ज्यांनी टँकर चालवलाय त्यांना हे सांगायला नको. गच्च भरलेली टाकी चालते, रिकामीही चालते, पण थोडं पाणी असलेली टाकी गाडीच्या मनाविरुद्ध वागते. ब्रेक मारला की सगळं पुढं धावतं आणि मागून ढकलतं. वळलं की एका कडेला चढतं. टँकरमध्ये निदान पाणी अडवणारे आडवे पडदे असतात, साठवणीच्या टाकीत तेही नसतात. खंबाटकीचा बोगदा संपून उताराचं एस वळण लागलं, तिथं आतलं पाणी डावीकडं आदळल्याचा आवाज मी केबिनमध्ये ऐकला. ट्रेलरची उजवी चाकं हलकी झाल्यासारखी वाटली. वेग कमी होता म्हणून निभावलं. भाच्या तोंडातून शब्द काढेना.

शिरवळच्या पुढं तपासणी अधिकाऱ्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. परवानगीचा कागद दुसऱ्याच गाडीचा होता, नंबर खाडाखोड करून बसवलेला. अधिकाऱ्यांनी दाखवल्यावर मलाही दिसलं. शेवटचे चार आकडे वेगळ्या ठशाचे होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल गाडीच्या कडेबाहेर आला की २० हजार दंड आहे, तो माझ्या गाडीवर पडला. एजंटाकरवी खरी परवानगी काढण्यात दोन दिवस गेले.

तेवढ्यात ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहताना सोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची, मुदत संपली. ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळ जणांना ठाऊक नसते. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. रुंदी-लांबीबाहेरच्या मालाचं बिल वेगळा प्रकार निवडून काढलं तर २० किलोमीटरला एक दिवस. माझ्या मालाला अडीच आठवड्यांच्या वर मुदत मिळाली असती. यांनी साधं बिल काढलं आणि दोन दिवसांत विषय संपवला, कारण दुसरा प्रकार निवडला की माल रुंद आहे हे कागदावर उघड होतं. मुदत संपायच्या ८ तास आधीपासून संपल्यावर ८ तासांपर्यंत ती वाढवता येते. पण ते ज्याच्या नावावर बिल चाललंय त्यानं करायचं, आणि तो फोनच उचलत नव्हता.

तळोज्याला यार्डवाल्यांनी बोल्ट सोडायला घेतले. झाकण हललं आणि सडक्या अंड्याचा भपकारा आला. भाच्या कडेला उभा होता, आत किती आहे बघायला वाकला. “मामा” एवढंच म्हणाला आणि गुडघ्यातून बसला. मी शर्टाला धरून मागं ओढला, उघड्यावर नेऊन आडवा केला. दहा मिनिटांनी बोलायला लागला. ती दहा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. बहिणीला काय सांगितलं असतं? तो वायू हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त आत उतरतो. अशाच टाक्यांत एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात.

यार्डवाल्यानं माल घ्यायला नकार दिला. त्यानं धुतलेल्या टाकीचे पैसे दिले होते, म्हणजे त्यालाही फसवलेलं. पाच दिवस गेटबाहेर उभा होतो. तिथं एकानं सुचवलं, रात्री व्हॉल्व्ह उघडून नाल्यात सोडून द्या. तो नाला कासाडी नदीला मिळतो. मी कृष्णेकाठचा माणूस आहे, आमच्या नदीत मेलेल्या माशांचा खच पाहिलाय. नाही म्हणालो. शेवटी यार्डवाल्यानं उपसा करणारा टँकर आणून ते सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाठवलं आणि निम्मा खर्च माझ्याकडून घेतला.

उरलेले ३१ हजार आजतागायत आलेले नाहीत. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, वाहतूकदार म्हणून नोंदणीचा नंबरच नव्हता. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार ती नोंदणी लागते. त्याच कायद्यात माल पाठवणाऱ्यानं मालाचं खरं वर्णन लेखी द्यायचं असतं आणि ते खोटं निघून नुकसान झालं तर जबाबदार तोच. मी ते लेखी मागितलंच नव्हतं. पोलिसांत तक्रार दिलीय, काट्याच्या दोन्ही चिठ्ठ्या आणि खाडाखोडीचा कागद जोडून.

गाडीवर टाकी चढवायची असेल तर ती पान्यानं खालून वर ठोकत जा. पाणी असेल तिथवर आवाज मुका येतो, वर घणघणतो. अर्धं मिनिट लागतं. तळाचा व्हॉल्व्ह तुमच्यासमोर उघडायला लावा, झाकणाजवळ मात्र कुणी वाकू नका. काटा बाहेरचा, पैसे आपले. परवानगीवरचा गाडी नंबर, तारीख आणि रुंदी दिवसाउजेडी वाचा. माल पाहू दिला नाही तर बिल्टीवर स्वतःच्या हातानं तसं लिहा आणि त्यांची सही घ्या.

परवा विट्याच्या एका गाडीवाल्याला नव्या नंबरवरून भाडं आलं. त्यानं मला फोटो पाठवला. तीच निळी टाकी, उजव्या बाजूला पिवळ्या खडूनं ‘ओके’ लिहिलेलं. मी त्याला एवढंच म्हणालो, व्हॉल्व्ह उघडून दाखवाल का विचार. त्यानं विचारलं, तेव्हापासून तो नंबर बंद आहे.