आठ इंची डॉब्सोनियन: एक हंगाम वापरल्यावर

दिवाळीच्या आधी घेतलेली आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आता पावसाळ्यापुरती गुंडाळून ठेवली आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. आधीच सांगतो, ही दुर्बीण पुण्यातल्या आमच्या गच्चीवरच राहिली असती तर हा अभिप्राय कडवट झाला असता. हौशी आकाशनिरीक्षकांच्या आमच्या गटाबरोबर ती भोर-वेल्ह्याकडच्या अंधाऱ्या माळांवर नेत राहिलो, म्हणून पैसे वसूल झाले.

आरसा २०० मिमीचा, नाभीय अंतर १२०० मिमी. २५ मिमीच्या आयपीसने (म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने) ४८ पट मोठं दिसतं, १० मिमीच्या आयपीसने १२० पट. सोबत ‘४०० पट’ वगैरे लिहिलेलं असतं, त्याकडे काणाडोळा करा. आपल्याकडची हवा तेवढं क्वचितच पेलते.

मोटर नाही, ट्रायपॉड नाही. लाकडी खोक्यात नळी बसवलेली, हाताने ढकलायची. ही रचना जॉन डॉब्सन यांची. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसे करायचे. १९६७ मध्ये मठ सुटला, आणि पुढच्याच वर्षी रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणारा गट उभा राहिला. म्हणजे ही दुर्बीण मुळातच रांगेसाठी जन्मलेली आहे, आणि रांगेतच ती शोभते.

फक्त एक अडचण. पृथ्वी फिरत राहते आणि दुर्बीण थांबलेली असते. १२० पटीत गुरू दृश्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावणेदोन मिनिटांत निघून जातो. शाळेच्या कार्यक्रमात दर दोन मुलांमागे पुन्हा निशाणा साधावा लागतो, आणि तिसरं मूल आयपीस धरूनच वर चढतं. त्यामुळे ४८ पटच लावायची. गुरूचे चार चंद्र त्यात छान दिसतात आणि रांगही सरकते. जानेवारीत गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर, रात्रभर दिसणारा, तोही पुनर्वसूच्या जोडीजवळ, त्यामुळे हिवाळाभर तोच आमचा हुकमी एक्का.

शनीने मात्र यंदा पंचाईत केली. नोव्हेंबरच्या शेवटी कड्यांचा आपल्याकडचा कल जेमतेम अर्धा अंश उरला होता, म्हणजे कडी जवळजवळ धारेवरून दिसत होती. मधोमध सुई खुपसल्यासारखा गोळा. “कडी कुठंयत?” हा प्रश्न इतक्यांदा आला की आमच्या एका काकांनी टॉर्चपुढे सीडी आडवी धरून दाखवायला सुरुवात केली. शनीची सूर्याभोवतीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, त्यात दोनदाच हे असं होतं. जाणकारांना पर्वणी, पण चौथीच्या मुलाला ते काय सांगणार! त्याला चंद्रावरची विवरं दाखवायची, तो खूश.

गावातल्या आजीबाईंना हमखास आवडणारी वस्तू म्हणजे वसिष्ठ-अरुंधती. जोडी नुसत्या डोळ्यांना दिसतेच, पण ४८ पटीत वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो. “म्हणजे तिघं?” असं एकीने विचारलं, आणि मग लग्नांवर जी चर्चा रंगली ती इथे देत नाही.

या दुर्बिणीचा खरा कस लागला तो मेसिए मॅरेथॉनला. मेसिए या फ्रेंच खगोलनिरीक्षकाच्या यादीतल्या ११० तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका एका रात्रीत गाठायच्या. मार्चमधली अमावस्येची रात्र लागते, आणि आपल्याकडे ती बहुतेकदा फाल्गुन अमावस्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी गुढीपाडव्याची सुट्टी. पंचांगकर्त्यांचे आभार! संध्याकाळी मीनेतली एम ७४ (यादीतली ७४ क्रमांकाची दीर्घिका) संधिप्रकाशात बुडायच्या आत पकडायची, पहाटे मकरेतला एम ३० हा तारकागुच्छ उजाडायच्या आत. मधल्या वेळात कन्येतल्या दीर्घिकांची गर्दी, तिथे नकाशा असूनही वाट चुकते. शंभरी गाठली नाही, पण मोटरवाल्या दुर्बिणींचे सेल उतरले तेव्हा आमचं खोकं चालूच होतं.

एप्रिल-मेमध्ये ओमेगा सेंटॉरी, हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ. भोरच्या बाजूने दक्षिणेकडे क्षितिजाच्या साधारण २४ अंश वर येतो, युरोपातल्या बहुतेकांच्या नशिबी तो नाही. पुण्यातून दुर्बिणीत पुसट ठिपका. अंधाऱ्या माळावर त्याच दुर्बिणीत सगळ्या गोळ्यावर बारीक दाणे फुटतात. माझ्यासाठी सगळा खर्च इथेच फिटला.

आता तक्रारी. वजन वीस किलोच्या वर. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, असं असेल तर शेजाऱ्यांशी गोड राहा. खाली आणून गाडीत टाकली, घाटातले खड्डे खाल्ले, की आरशांची जुळणी बिघडतेच. दर वेळी कॉलिमेशन करावं लागतं. सवय झाल्यावर पाच मिनिटं. खालचं खोकं पार्टिकल बोर्डचं आहे, जानेवारीच्या दवातच एक कड फुगली. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्याने अंगठ्याची खूण पाठवली, संपलं. शेवटी सुताराकडून मरीन प्लायचं बूड करून घेतलं, ते मूळ बुडापेक्षा सरस आहे. सोबतचा फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, वापरायला मान मोडून घ्यावी लागते, त्याऐवजी रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन) लावला.

फोटो काढायचे असतील तर घेऊच नका. मोबाइल टेकवून चंद्र येतो, बाकी काही नाही.

पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते. नळीची दोन्ही तोंडं बंद करून आत सिलिका जेलच्या पिशव्या टाकल्या आहेत, दर पंधरवड्याला त्या तव्यावर भाजून परत. धूळ दिसली तरी कापडाने पुसायची नाही, हे घरच्यांना बजावून ठेवलंय. गटात या दिवसांत आरसे घासण्याचं काम चालतं: कार्बोरंडमच्या भुकटीने घासणं, मग सिरियम ऑक्साइडने पॉलिश, मग आरशाचा आकार तपासणारी फूको चाचणी. पन्नास-साठ हजार टाकायच्या आधी तुमच्या गावात असा गट असेल तर दोन-चार अमावस्या त्यांच्याबरोबर जाऊन इतरांच्या दुर्बिणी वापरून बघा; कुणी नाही म्हणत नाही. फक्त टॉर्चला आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद गुंडाळून न्या, पांढऱ्या उजेडाने सगळ्यांच्या डोळ्यांची अंधाराची सवय मोडते, आणि पहिल्याच रात्री ओरडा खाल.

आणि हो, तो मानमोड्या फाइंडर पडून आहे. पुण्यात कुणाला हवा असल्यास फुकट घेऊन जा.