कन्व्हेक्शन रिफ्लो ओव्हन: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेबलावर मावणारा, ड्रॉवरवाला कन्व्हेक्शन रिफ्लो ओव्हन (सर्किट बोर्डावर बसवलेल्या पार्टखालची सोल्डर पेस्ट गरम हवेने वितळवून ते जोडणारी भट्टी) गेले काही महिने माझ्याकडे जवळपास रोज चालतोय. काम प्रोटोटाइपचं आणि छोट्या बॅचचं, पेस्ट बहुतेक वेळा सॅक ३०५, म्हणजे टिन-चांदी-तांब्याचं, शिसं नसलेलं सोल्डर. त्याआधी इन्फ्रारेड नळ्यांचा ओव्हन वापरायचो आणि आता परत तिकडे जायची माझी अजिबात तयारी नाही. पण घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: स्क्रीनवर दिसतो तो आकडा हवेच्या तापमानाचा, बोर्डाच्या नव्हे. या ओव्हनचा खरा फायदा बोर्डावर मोजूनच मिळतो.

इन्फ्रारेडमध्ये नळ्या सोल्डरपेक्षा कितीतरी जास्त तापलेल्या असतात आणि कोणता पार्ट किती उष्णता घेणार हे बरंचसं त्याच्या पृष्ठभागावर ठरतं. काळी आयसी भराभर तापते, चकचकीत शील्ड मागे राहतं, उंच कनेक्टरच्या आडोशाचे पॅड (पार्ट जोडायच्या तांब्याच्या जागा) त्याहून मागे. कन्व्हेक्शनमध्ये पंखा गरम हवा फिरवत असतो. छोटा रेझिस्टर कितीही लवकर तापला तरी हवेच्या फारसा पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे जड पार्टला तिथवर पोचायला वेळ देता येतो.

माझा एक पॉवर सप्लायचा बोर्ड आहे. एका काठाला ०४०२ मापाचे अगदी बारीक पार्ट, दुसऱ्या टोकाला भरगच्च ग्राउंड प्लेनवर (तांब्याच्या सलग थरावर) बसलेला मोठा इंडक्टर. दोन्हीकडे बारीक तारेचे के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) लावले आणि ओव्हनसोबत आलेलं लेड-फ्री प्रोफाइल (कोणत्या वेळी किती तापमान, याचा आराखडा) चालवलं. काठ २४५ अंशांना पोचला तेव्हा इंडक्टरचा पाय २२८ वर होता. सॅक ३०५ वितळायला लागतं २१७ ला आणि पूर्ण वितळतं २२० च्या आसपास, म्हणजे तो जॉइंट जेमतेम झाला असता. मग १५० ते २०० अंशांमधला सोक (सगळा बोर्ड सारखा तापू देणारा टप्पा) वाढवून दोन मिनिटांच्या जवळ नेला, चढ थोडा मंद केला, आणि दोन्ही टोकांतला फरक सात-आठ अंशांवर आला. आता सगळीकडचा पीक (सर्वांत वरचं तापमान) २३५ ते २४५ मध्ये बसतो आणि २१७ च्या वरचा वेळ ६० ते ९० सेकंद. हेच बोर्ड इन्फ्रारेडमध्ये मला कधी इतके जुळवता आले नव्हते.

थर्मोकपलचा मणी (तारांच्या टोकाचा जोड) पॅडला घट्ट चिकटलेला हवा. कापटॉन टेप गरम झाल्यावर सैल पडते, मणी उचलला जातो आणि आपण पुन्हा हवाच मोजत बसतो. मी एक खराब बोर्ड राखून ठेवलाय आणि त्यावर मणी जास्त तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरने कायमचा बसवलाय.

काचेतून बघण्यासारखं खूप आहे. राखाडी पेस्ट आधी ओलसर दिसते, कडा किंचित पसरतात. मग क्षणात तिचे कण दिसेनासे होतात, चमक येते आणि जरासा तिरपा बसलेला ०४०२ सरकून पॅडच्या मधोमध येतो. पृष्ठताणाचं हे काम कितीही वेळा पाहिलं तरी छान वाटतं.

चमक आली की लगेच ड्रॉवर ओढू नये. सोल्डर अजून द्रव असतं, एक हिसका पुरतो. बोर्ड २०० च्या खाली उतरेपर्यंत मी थांबतो आणि मग ड्रॉवर थोडा थोडा उघडतो. एकदम गार हवा लागली तर सिरॅमिक कॅपेसिटरला तडा जाण्याची भीती असते.

तक्रारी आहेत. ड्रॉवरच्या पुढच्या काठाला हवा थोडी गार असते, तिथे बोर्ड ठेवत नाही. थंड ओव्हनमधली पहिली बॅच आणि लगेच पाठोपाठची दुसरी सारखी निघत नाही, म्हणून आधी एक फेरी रिकामीच चालवतो. जाड, जास्त लेयरच्या बोर्डांना हीटरची ताकद कमी पडते: चढ रेंगाळतो आणि सोल्डर वितळण्याआधीच पेस्टमधला फ्लक्स (धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करणारं रसायन) दमतो. फ्लक्सची वाफ काचेवर आणि पंख्यावर चिकट थर धरते, तो वेळच्या वेळी पुसावाच लागतो. धूर पाइपने बाहेर सोडण्याची सोय नसेल तर हा ओव्हन बंद खोलीत वापरूच नका.

काही दोष ओव्हनच्या हातातले नसतात. एक पॅड थेट ग्राउंड प्लेनला जोडलेला आणि दुसरा बारीक ट्रॅकला, तर दोन्हीकडची पेस्ट मागेपुढे वितळणार आणि पार्ट उभा राहणार. त्याला इलाज लेआउटमध्ये थर्मल रिलीफ (पॅड प्लेनला बारीक पट्ट्यांनीच जोडणं) देण्याचा. क्यूएफएनच्या (बिनपायांच्या चपट्या आयसीच्या) पोटातल्या पॅडखाली पोकळ्या राहत असतील तर आधी स्टेन्सिलचं (पेस्ट लावायच्या भोकांच्या पत्र्याचं) एकच मोठं भोक छोट्या चौकोनांत विभागून बघा. दोन्ही बाजूंचे बोर्ड होतात, खालचे हलके पार्ट वितळलेल्या सोल्डरलाच धरून राहतात. जड इंडक्टर आणि कनेक्टर मात्र दुसऱ्या फेरीच्या बाजूलाच घ्यावेत.

घेताना मी दोन गोष्टी बघेन: बाहेरचा थर्मोकपल लावायला सॉकेट आहे का, आणि प्रोफाइलचा प्रत्येक टप्पा स्वतः बदलता येतो का. फक्त तयार प्रोफाइलं देणारा ओव्हन कितीही देखणा असला तरी मी घेणार नाही.