गुडघ्याचे आणि घोट्याचे पट्टे: कोणता कशाला चालतो, कुठे कमी पडतो

लातूर असो, परभणी असो, नाहीतर एखाद्या तालुक्याच्या गावचं मेडिकल, "गुडघ्याचा पट्टा द्या" म्हटलं की काउंटरवर नी कॅपचा डबा येतो. विचारलं जातं फक्त माप. काय झालं, सूज कधी आली, गुडघा वळताना निसटतो का, हे कुणी विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही. मग ज्याला बाजूचा आधार हवा तो नुसती ऊब देणारा पट्टा घालून कबड्डीच्या मॅटवर उतरतो आणि गुडघ्यातली अर्धी तुटलेली दोरी, म्हणजे लिगामेंट, पूर्ण तोडून घेतो. म्हणून इथे बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या पाच वस्तू तपासल्या आहेत: क्रेप बँडेज, नी कॅप, बिजागरीचा म्हणजे हिंज असलेला ब्रेस, लांब नी ब्रेस आणि घोट्याचा पट्टा. कंपनीप्रमाणे शिलाई बदलते, काम बदलत नाही, म्हणून नावं न घेता प्रकारावर बोलू.

वस्तूकडे जाण्याआधी दुखण्याची भाषा समजून घ्यायला हवी, कारण पट्ट्याची निवड तिच्यावरच ठरते. आपल्याकडे स्नायू ताणला तरी "शीर चढली", कंडरा दुखली तरी "शीर", लिगामेंट तुटलं तरी "शीरच". लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी. कंडरा स्नायूला हाडाशी जोडते, तिचं दुखणं वेगळं आणि तिचा पट्टाही वेगळा. गुडघ्यात अशा चार मुख्य दोऱ्या: आत फुलीसारख्या आडव्या गेलेल्या दोन, पुढची एसीएल आणि मागची पीसीएल, आणि दोन बाजूंना दोन, आतल्या बाजूची एमसीएल, बाहेरच्या बाजूची एलसीएल.

"पाय रोवला, अंग वळलं, कडकन वाजलं, आणि घरी जाईस्तोवर गुडघा मडक्यासारखा फुगला" असं कुणी सांगितलं तर पहिला संशय एसीएलचा. सूज दोन-तीन तासांत येते कारण सांध्यात रक्त साचतं. नंतर सूज उतरते, सरळ चालताना काही वाटत नाही, पण वळताना किंवा जिना उतरताना "गुडघा दगा देतो", "भरवसा येत नाही". हे वाक्य ऐकलं की पट्टा बाजूला ठेवून आधी डॉक्टर. "बाहेरून धक्का बसला आणि आतल्या बाजूला आग झाली" हे एमसीएलचं बोलणं; इथे कडकन आवाज असेलच असं नाही आणि बोट ठेवून दुखरी जागा दाखवता येते. "गुडघा अडकतो, पूर्ण सरळ होत नाही" आणि सूज दुसऱ्या दिवशी दिसली, तर बहुधा आतली गादी, म्हणजे दोन हाडांमधली मेनिस्कस, फाटलेली असते. वाकवलेल्या गुडघ्यावर दाणकन पडलं, मोटारसायकलवरून पडल्यावर होतं तसं, आणि दुखणं मागच्या बाजूला राहिलं, तर पीसीएल तपासून घ्यावी. "वाटी सरकली" हे वाक्य सगळ्याच दुखण्याला वापरलं जातं, पण वाटी खरंच सरकते तेव्हा ती बाहेरच्या बाजूला गेलेली डोळ्यांनी दिसते.

एक्स-रे "नॉर्मल" आला म्हणजे लिगामेंट नॉर्मल, हा समज सगळ्यात महाग पडतो. एक्स-रेत हाड दिसतं, दोरी दिसत नाही. तिच्यासाठी आधी अनुभवी हातांची तपासणी, मग गरज वाटली तर एमआरआय. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभाग आहेत. तिथे जाताना वरच्यासारखी दोन-तीन वाक्यं नीट सांगितली तर निम्मं निदान तिथेच होतं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जुलै २०२५मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, धावताना पडला आणि त्याची एसीएल आणि गादी दोन्ही फाटली. शस्त्रक्रिया करावी लागली. तिथे कुणी त्याला मुद्दाम पाडलं नव्हतं. एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच होतात: उडीवरून उतरताना, अचानक थांबताना, रोवलेल्या पायावर अंग वळताना. कबड्डीत घोटा पकडला गेलाय, पाय जागेवर अडकलाय आणि चढाईवाला मध्यरेषेकडे अंग फेकतोय, तो क्षण. खो-खोत खांबाला वळसा घालतानाचा क्षण. अशा वळणाच्या खेळांत मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, आणि सारिका काळेंसारखी अर्जुन पुरस्काराची मानकरी देणाऱ्या धाराशिवच्या खो-खोत मुली मन लावून उतरतात, म्हणून तिथे हे ज्ञान जास्त हवं.

आता वस्तू.

क्रेप बँडेज सगळ्यात स्वस्त आणि पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी सगळ्यात उपयोगी. घोट्याला १० सेंटिमीटर रुंदीचं, गुडघ्याला १५चं घ्यावं. पाऊल पिंढरीशी काटकोनात ठेवायचं, बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची, प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकायचा आणि घोट्याभोवती मराठी चारच्या आकड्यासारखी फुली घालत वर जायचं. पाय आत वळून मुरगळला असेल तर तळव्याखालून जाणारा वेढा आतून बाहेर न्यायचा आणि बाहेरच्या कडेने वर ओढायचा. उलटा नेला तर तो दुखऱ्या दोरीलाच ताण देतो. ही चूक फार होते. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या, तर लगेच सोडून सैल बांधायचं. रात्री झोपताना काढायचं. डब्यातल्या धातूच्या क्लिपा हलताना निघतात आणि टोचतात, त्यापेक्षा चिकटपट्टी बरी. खेळायला मात्र क्रेप उपयोगाचं नाही, थोड्या वेळातच ते सैल होतं.

त्या पहिल्या ४८ ते ७२ तासांत गरम शेक, गरम लेप आणि चोळणं टाळावं. लचक उतरवणाऱ्याकडे जाऊन ओढून घेणं तर नकोच. आत रक्त झिरपत असताना चोळलं की सूज वाढते, आणि हाड मोडलेलं असेल तर सरकतं. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, पाय उशीवर छातीपेक्षा उंच. एवढं पुरतं.

नी कॅप म्हणजे ताणणाऱ्या कापडाची नळी. ती काय करते? ऊब देते, हलका दाब देते, आणि कातडीला स्पर्श होत राहिल्याने गुडघा कुठल्या कोनात आहे याची जाणीव थोडी वाढते. जुनं किरकोळ दुखणं, हलक्या ताणातून बरं होत आलेला गुडघा, भरतीच्या सरावात १६०० मीटरनंतर येणारी ठणक, इथे तिचा आधार वाटतो आणि तो खराही असतो. पण बाजूला झुकणारा किंवा निसटणारा गुडघा ती धरत नाही. धरूच शकत नाही, तिच्यात धरणारं काहीच नाही. डब्यावर "लिगामेंट इंज्युरी" छापलेलं असलं तरी तिच्यावर विसंबून चढाईला जाऊ नये.

मापाची गडबड नी कॅपमध्येच जास्त होते. काही कंपन्या वाटीच्या मधोमध घेर मोजायला सांगतात, काही मांडीवर ठराविक अंतरावर. डब्यावरचं चित्र बघूनच टेप लावावी. छोट्या गावात बऱ्याचदा मिडियम आणि लार्जच असतात आणि "ताणेल हो" म्हणून लहान माप हातात येतं. लहान कॅप गुडघ्यामागे गोळा होते, तिथे दोरीसारखी रुतते, आणि तासाभरात पिंढरी जड होते. दुकानातच घालून दहा वेळा बसून उठावं. मागे वळी पडली किंवा काढल्यावर खोल वण राहिला तर मोठं माप. सूज असताना मोजलेलं माप सूज उतरल्यावर ढिलं होतं, हेही लक्षात ठेवावं. वाटीभोवती जेलचं कडं असलेली कॅप वाटीच्या दुखण्याला जरा बरी.

कापडाचं म्हणाल तर निओप्रीन, ते रबरासारखं जाड, हिवाळ्यात छान. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर गेल्यावर त्याच्या आत घाम साचतो, घामोळ्या येतात, कातडी सोलते. आपल्या हवेला विणलेलं, हवा खेळणारं कापड घ्यावं. ते लवकर ढिलं पडतं, ही तक्रार खरी आहे, तरी उन्हाळ्यात तेच घालवतं.

हिंज ब्रेसला या पाचांत आमची पहिली पसंती, पण योग्य दुखापतीला. दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि मध्ये बिजागरी, त्यामुळे गुडघा पुढे-मागे वाकतो, बाजूला झुकत नाही. म्हणजेच एमसीएल आणि एलसीएलच्या हलक्या-मध्यम दुखापतीला हीच वस्तू. किंमत नी कॅपच्या कितीतरी पट, आणि ती द्यायला हरकत नाही. घालताना बिजागरीचा मध्य वाटीच्या मधोमध उंचीला यायला हवा. ब्रेस दोन बोटं खाली घसरला तर बिजागरी एकीकडे वाकते आणि गुडघा दुसरीकडे, मग धातू हाडावर घासतो. गुडघा थोडा वाकवून, आधी वाटीच्या लगेच खालचा पट्टा, पिंढरीच्या फुगवट्याच्या वर, घट्ट करायचा. तोच ब्रेसला खाली सरकू देत नाही. मग मांडीचे. पट्ट्याखाली एक बोट शिरलं पाहिजे, दोन सहज शिरली तर ढिला. दहा मिनिटं चालून पुन्हा आवळायचा.

एसीएल तुटलेल्याने हा ब्रेस घालून खेळावं का? नाही. वळणाचा ताण तो नीट अडवत नाही, गुडघा आत निसटतच राहतो आणि दर निसटण्याला गादी चिरडते. मोडलेल्या दोरीबरोबर गादीही गेली की पुढचं सगळंच अवघड होतं. शस्त्रक्रिया झालेल्यानेसुद्धा किमान ९ महिने आणि दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी होईपर्यंत मैदानाची घाई करू नये. कुस्तीत धातू असलेला पट्टा चालत नाही, कबड्डीतही उघडी पट्टी समोरच्याला लागते. सामन्याला घालायचा विचार असेल तर पंचांना आधी दाखवावा.

आणि वेल्क्रो. काळ्या मातीचं मैदान, कडेला कुसळी गवत, तिथे महिन्याभरात वेल्क्रोच्या आकड्यांत माती आणि कुसळं भरतात, पट्टा चिकटेनासा होतो, आणि लोक ब्रेस खराब झाला म्हणून टाकून देतात. जुन्या टूथब्रशने आकडे कोरडे घासावेत, कुसळं सुईने उपटावीत, पुन्हा पकड येते. धुताना वेल्क्रो बंद करून, धातूच्या पट्ट्या निघत असतील तर काढून, कोमट पाण्यात साध्या साबणाने. पिळायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. रबर कडक होऊन तडकतं.

लांब नी ब्रेस मांडीपासून घोट्याच्या जरा वरपर्यंत पाय सरळ ठेवतो. मैदानावरून दवाखान्यात नेताना आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर, एवढंच त्याचं काम. शेजाऱ्याचा पडून होता म्हणून महिनाभर घालून बसणारे भेटतात. पंधरा दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू वाळायला लागतो आणि गुडघा आखडतो.

घोट्याच्या पट्ट्यात मोज्यासारखा ताणणारा आणि बुटासारखा नाडीने आवळायचा असे दोन प्रकार. मोजा सुजेपुरता. पुन्हा पुन्हा मुरगळणाऱ्याने नाडीचाच घ्यावा, दोन्ही बाजूंनी आडवे पट्टे असलेला. एकदा मुरगळलेला घोटा परत मुरगळण्यापासून तो खरोखर वाचवतो. तो बुटात बसतो का हे बूट नेऊनच बघावं, अर्धा नंबर मोठा बूट लागू शकतो. अनवाणी खो-खो खेळणाऱ्यांना तो तळव्याखाली सरकतो, त्यांना चिकटपट्टीचं टेपिंग बरं. घेण्याआधी मात्र दोन गोष्टी तपासाव्यात: घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का. हाडावर दुखत असेल किंवा चार पावलंही पडत नसतील तर आधी एक्स-रे. करंगळीच्या मागे पायाच्या बाहेरच्या कडेला उंचवटा असतो, तोही दाबून बघावा, मुरगळल्यावर तिथलं हाड मोडल्याचं बरेचदा राहून जातं.

नाडीचा पट्टा खेळताना सहा महिने ते वर्षभर वापरावा, दिवसभर नाही. सोबत रोज एका पायावर ३० सेकंद उभं राहायचं, तीन वेळा, आधी डोळे उघडे. आठवड्याभराने डोळे मिटून, भिंतीपासून हातभर अंतरावर, म्हणजे तोल गेला तर हात टेकता येतो.