दोन वेगवान मॉनिटर, की एक वेगवान आणि एक साधा?

दिवसभर उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, ड्रॉइंग काढायचं आणि रात्री घरी गेम खेळायचा, अशी पोरं बेळगावात कमी नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला: ग्राफिक्स कार्ड एकच आहे, तर १४४ हर्ट्झचे (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारे) दोन मॉनिटर घ्यावेत, की एक नवा घेऊन जुना ६० हर्ट्झचा शेजारी लावावा?

कार्ड दमेल ही भीती आधी सोडा. गेम एकाच स्क्रीनवर चालतो. दुसरीवर ब्राउझर उघडा असला म्हणून गेमचे फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) निम्मे होत नाहीत. १४४०पीच्या (२५६० x १४४० पिक्सेल) दोन स्क्रीनचे मिळून पिक्सेल होतात सुमारे ७४ लाख, तर एकट्या ४के स्क्रीनचे ८३ लाख. गेम दोन्ही स्क्रीनवर पसरायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण ऐन मध्यावर मॉनिटरची कड घेऊन कोण खेळतंय?

घोडं अडतं ते केबलपाशी. १४४०पी, १४४ हर्ट्झ, ८ बिट रंग एवढ्यासाठी सेकंदाला साधारण १४ गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय या मॉनिटर जोडायच्या दोन तऱ्हा. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून चित्रासाठी जवळपास २५.९ गिगाबिट मिळतात, एचडीएमआय २.० मधून १४.४. म्हणजे एचडीएमआय २.० वर १४४ हर्ट्झ कसंबसं मावतं, १८० हर्ट्झ मावत नाही. कार्डावर एचडीएमआय २.१ असलं तरी मॉनिटरच्या बाजूला २.० असू शकतं, तेव्हा मॉनिटरची माहितीपत्रिका वाचूनच पैसे द्या. हल्लीच्या पुष्कळ कार्डांवर तीन डिस्प्लेपोर्ट असतात; जोडी घेणार असाल तर दोन्ही मॉनिटर त्यावरच लावा. एचडीएमआयचा साधा स्प्लिटर मात्र गळ्यात मारून घेऊ नका, तो एकच चित्र दोन्हीकडे दाखवतो.

आता १४४ आणि ६० ची मिसळ. पूर्वी ६० वाल्या स्क्रीनवर व्हिडिओ लावला की १४४ वाली अडखळायची; विंडोज १० च्या २०२० मधल्या २००४ आवृत्तीपासून तो त्रास बराच कमी झाला. उरते ती मेमरीची गोष्ट. कार्ड आपल्या मेमरीचा वेग बदलतं ते दोन फ्रेममधल्या बारीकशा फटीत. दोन स्क्रीनच्या फटी जुळल्या नाहीत तर काही कार्डं मेमरी पूर्ण वेगातच ठेवतात. मग काही काम नसतानाही कार्ड तापतं, वीज जास्त खातं. अशा वेळी डेस्कटॉपला १४४ ऐवजी १२० ठेवून बघा, ६० च्या बरोबर दुप्पट, बऱ्याचदा भागतं.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या स्क्रीनचे हर्ट्झ जुळवण्यापेक्षा आकार आणि रिझोल्युशन जुळवा. २७ इंची १४४०पीच्या शेजारी २२ इंची १०८०पी ठेवला की माऊस कडेला अडतो आणि इकडचं ड्रॉइंग तिकडे ओढताना लहानमोठं दिसतं. कॅडवाल्याचं डोकं तिथंच फिरतं. त्यानं दुसरा २७ इंची १४४०पी घ्यावा, मग तो ७५ हर्ट्झचा का असेना. फक्त गेम आणि गप्पा असतील तर घरातला जुना मॉनिटर चालेल की! जुळी १४४ ची जोडी घ्यायची ती दिवसभर दोन्हीकडे सारखंच बघणाऱ्यानं, आणि हातात पैसा असेल तर.

खानापूरकडं पावसाळ्यात लाईट जाणं काही नवं नाही, त्यामुळे यूपीएसचाही हिशेब धरा. ६०० व्हीएचे पुष्कळ यूपीएस ३६० वॅटपर्यंतच झेपवतात, आणि आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच २०० वॅटपर्यंत जातं. दुसरा मॉनिटर यूपीएसबाहेर ठेवलात तर लाईट गेली की त्याच्यावरच्या उघड्या खिडक्या (विंडो) पहिल्यावर उड्या मारतील. विंडोज ११ मध्ये मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायची सोय आहे, ती चालू करा.

आणि जोडणी झाली की प्रगत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही स्क्रीनचे हर्ट्झ तपासा. १४४ चा मॉनिटर विंडोज कित्येकदा ६० वरच चालवतं.