महिन्याच्या पॅकेजवरची डायलिसिसची गाडी : घोडबंदर रोडवरून लिहिलेला अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. डायलिसिसला ने-आण करणारी ही महिन्याच्या पॅकेजची गाडी जाण्यासाठी चालेल, पण परतीला तिच्या भरवशावर राहू नका. आणि ज्यांचं सोमवारी किंवा मंगळवारी, म्हणजे दोन दिवसांच्या खंडानंतर डायलिसिसचं मशीन असतं, त्यांनी त्या दिवशी जातानाही दुसरी सोय हाताशी ठेवा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या सेंटरवर निरनिराळ्या सेवांच्या गाड्यांनी लोक येतात. वेटिंगमध्ये बसून सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकली की कळतं, फरक फक्त गाडीवरच्या स्टिकरचा आहे.

मी राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीला, डायलिसिस सेंटर नौपाड्यात. सोम-बुध-शुक्र, दुसरी शिफ्ट, अकरा ते तीन. सुरुवातीला मुलगा सोडायचा. त्याची बदली झाली आणि बायकोच्या गुडघ्यांनी माघार घेतली, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर हे पॅकेज घेतलं. महिन्याचे पैसे आगाऊ, अनामत वेगळी. दारातून उचलणार, दारात सोडणार, चालक 'प्रशिक्षित', लागली तर व्हीलचेअर. मीटरच्या रिक्षाला पहिल्या टप्प्याचे २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे, म्हणजे एका बाजूचे आमचे दोनशेच्या आसपास होतात. पॅकेज त्याच्या जवळजवळ दुप्पट पडत होतं. एवढे जास्तीचे पैसे मी एसीसाठी देत नव्हतो, वेळेसाठी देत होतो.

आता या 'वेळे'चं जरा सविस्तर सांगतो, कारण कॉल सेंटरवरच्या मुलांना हे शेवटपर्यंत पटवता आलं नाही. त्यांच्या लेखी वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे उशीरच नाही. आमच्या मशीनवर मात्र तीनच्या आत माझं आवरायला लागतं, मग मशीन निर्जंतुक होतं आणि पुढच्या शिफ्टचा माणूस बसतो. मी पाऊण तास उशिरा पोचलो तर पाऊण तास कमी बसणार. पुढच्याची वेळ खाऊन माझे चार तास पुरे करता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तोही किडनी चालत नसल्याने साठलेलं दोन दिवसांचं पाणी अंगात घेऊन बाहेर ताटकळत असतो.

मग वेळ कमी असेल तर पाणी भराभर काढावं, असं एका सुपरवायझरने मला फोनवर सुचवलं होतं. त्याला हिशेब सांगितला, इथेही सांगतो. तासाला वजनाच्या किलोमागे १३ मिलीलीटरपेक्षा जास्त पाणी शक्यतो काढू नये, अशी मर्यादा डॉक्टर धरून चालतात. माझं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, साठ किलो. म्हणजे तासाला ७८० मिली, चार तासांत तीन लिटरच्या थोडं वर. तोच वेळ तीन तासांवर आला की २.३ लिटर. उरलेलं पाऊण लिटर मी घरी घेऊन येतो. ते पायांत उतरतं, रात्री आडवं पडलं की छातीवर चढतं आणि मग दोन उश्या लावून बसून झोपायचं. जोर करून काढलं तर बीपी कोसळतो आणि पोटऱ्यांत असे गोळे येतात की टेक्निशियनला पाय धरावे लागतात. सोमवारचं तर विचारूच नका. शुक्रवारी दुपारनंतर थेट सोमवार, त्यात रविवारी घरात पाहुणे, वाटीभर आमटी जास्त झालेली असते. रक्तातलं पोटॅशियमही त्या दिवशी सगळ्यात चढलेलं असतं. हा लांब खंड हृदयाला सगळ्यात धोक्याचा, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात बजावलेलं असतं. आणि नेमकी सोमवारचीच गाडी सगळ्यात जास्त वेळा चुकायची.

का, ते एका चालकानेच सांगितलं. त्यांना पगार नाही, फेरीवर पैसे. सोमवारी सकाळी विमानतळाची भाडी भरपूर. पहाटे तो माणूस अंधेरीकडे जातो, परत येताना घोडबंदरला अडकतो आणि ॲपवर मात्र मला 'चालक निघाला आहे' असं दिसत राहतं. निघालेला असतोच तो, फक्त माझ्याकडे नाही.

ट्रॅफिकची सबब मी मान्य करत नाही. घोडबंदर रोडला ट्रॅफिक असतं ही बातमी आहे का? न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर इथूनच जातात, वर मेट्रो-४चं काम, गायमुखला खड्डे बुजवायला घेतले की वाघबीळपर्यंत रांग. हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. रस्ता रोजचा, पेशंट रोजचा, वार ठरलेले, मशीनची वेळ ठरलेली. पुढच्या दिवाळीनंतरच्या बुधवारी मी अकरा वाजता कुठे असेन हे मी आज लिहून देऊ शकतो. इतकं पक्कं गिऱ्हाईक टॅक्सीवाल्यांना दुसरं कुठलं मिळणार आहे? तरीही दर वेळी नवी बुकिंग पडल्यासारखी आदल्या रात्री गाडी शोधायला सुरुवात व्हायची. आमच्याच सोसायटीतले शाळेच्या व्हॅनवाले काका दहा-बारा मुलं, तीन शाळा आणि हाच रस्ता सांभाळतात. त्यांच्याकडे ॲप नाही.

खरा त्रास परतीचा. तो सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही.

जाताना वेळ आपल्या हातात असतो, येताना नसतो. मशीन तीनला संपतं, माणूस तीनला सुटत नाही. दोन्ही सुया काढायच्या, जागा दाबून धरायची. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलेलं असतं, त्यामुळे रक्त कधी दहा मिनिटांत थांबतं, कधी दाबून दाबून बोटं दुखतात तरी गॉज लाल होत राहतो. मग वजन, मग बसून बीपी, उभं राहून बीपी. कमी आला तर पुन्हा आडवं. हे सगळं नेहमीचं आहे, सेंटरवर कुणी त्याची दखलही घेत नाही. पण पॅकेजच्या अटींत लिहिलंय, पंधरा मिनिटांच्या वर थांबल्यास वेटिंग चार्ज, आणि त्यानंतर चालक जाऊ शकतो.

भर जुलैत एकदा असंच रक्त थांबेना. सिस्टर माझा हात दाबून उभी, मोबाइल पिशवीत वाजतोय. मी बाहेर आलो तर गाडी गेलेली. फोन केला, तर "सर, तुमचा नो-शो लागलाय." म्हणजे पेशंट आलाच नाही, अशी नोंद. चार तास तिथेच झोपलेल्या माणसाला नो-शो! ती फेरी महिन्याच्या हिशेबातून वजा झाली ती झालीच. नवीन गाडी मुलुंडहून निघाली. मशीनवरून उतरल्यावर अंगात एक प्रकारची हुडहुडी असते, पोट रिकामं, डोकं हलकं, आणि बाहेर धो-धो पाऊस. वॉचमनने स्वतःची खुर्ची दिली. असा तास-दीड तास काढायचा प्रसंग नंतरही आला, ऑक्टोबरच्या उन्हातही आला. उन्हातला वाईट, कारण तहान लागते आणि आमचं दिवसाचं पाणी मोजून एक लिटर, चहा आणि आमटी धरून. एका चालकाने उशिराबद्दल मनापासून माफी मागत थंड पाण्याची बाटली पुढे केली. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. मी बाटली गालाला लावून बसलो.

'प्रशिक्षित' म्हणजे काय, हेही विचारून ठेवा. माझा फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुयांसाठी ऑपरेशनने शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, डाव्या हाताला. त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, सुई टोचायची नाही, उशाखाली घेऊन झोपायचं नाही, आणि हे चालक मला गाडीत चढवायला नेमका तोच दंड धरून ओढणार. एकदा सुईच्या जागेवरची पट्टी सरकली आणि सीटवर रक्त सांडलं, तेव्हा कंपनीने साफसफाईचे पैसे मागितले. घरी येईपर्यंत मी दुसऱ्या हाताची बोटं ठेवून फिस्टुल्याची थरथर चालू आहे ना, तेच तपासत होतो. ती बंद पडली म्हणजे पुन्हा ऑपरेशन, तोवर मानेत कॅथेटरची नळी. एवढ्या एका गोष्टीचं पाच मिनिटांचं प्रशिक्षण द्यायला किती खर्च येतो?

सगळेच असे नव्हते. मधले काही आठवडे एक चालक कायम आला, तेव्हा तक्रारीला जागाच नव्हती. मानपाड्यापासून कुठला खड्डा डाव्या अंगाला आहे हे त्याला माहीत. उलटीसाठी पिशवी समोरच्या सीटमागे खोचलेली. तीन वाजता फोन न करता सरळ वर येऊन सिस्टरला विचारायचा, "काकांना अजून किती वेळ?" माझ्या पाठोपाठ सुटणाऱ्या एका आजींना व्हीलचेअरवरून खाली आणायलाही तोच हात द्यायचा, त्या त्याच्या गाडीच्या नव्हत्या तरी. त्याला नंतर कॉर्पोरेट ड्युटीवर टाकलं. तोच चालक द्या म्हणून मेल केली, तर 'चालकाची निवड पॅकेजमध्ये समाविष्ट नाही' असं उत्तर आलं.

कॉल सेंटरने एकदा अगदी सहज सल्ला दिला, "सर, फारच अर्जंट असेल तर १०८ लावा." राज्यात १०८ची सेवा २०१४पासून आहे आणि ती अपघाताला, हार्ट अटॅकला, अडलेल्या बाळंतिणीला आहे. ठरलेल्या डायलिसिसला नेण्या-आणण्यासाठी नाही. गाडी आली नाही म्हणून माझा सोमवार बुडाला आणि मंगळवारी मला श्वास घेता येईना, की मग मी १०८चा पेशंट होईन. तोपर्यंत थांबायचं, असाच त्या सल्ल्याचा अर्थ.

आमच्या शिफ्टला पालघर जिल्ह्यातल्या वाड्याहून एक गृहस्थ एसटीने येतात. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीत भाडं माफ आहे, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. सेंटरकडून दाखला घ्या आणि आपल्या डेपोत चौकशी करा. रेल्वेतही डायलिसिसला किंवा किडनी बदलायला जाणाऱ्याला स्लीपर आणि थ्री-एसीला ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एकाला तेवढीच. तर हे वाड्याचे गृहस्थ भिवंडीचं ट्रॅफिक फोडून माझ्याआधी पोचलेले असतात. मी एसी गाडीतून उतरलो की फक्त हसतात, बोलत काही नाहीत.

तरीही पॅकेज घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. थांबण्याची मुदत मशीन बंद झाल्यापासून मोजणार की माणूस सेंटरच्या दारात आल्यापासून? आमच्याकडे दुसरी अट लिहून घेतल्यावर नो-शो थांबले. परतीसाठी चालकाला तुमचा नंबर देऊ नका, सिस्टरला विचारून डेस्कचा नंबर द्या, कारण दोन्ही हात अडकलेल्या माणसाला फोन उचलता येत नाही. पिकअपची वेळ खऱ्या गरजेपेक्षा अर्धा तास आधीची सांगा. आणि सेंटरच्या फाइलवर किती वाजता मशीन लागलं ते रोज लिहिलेलं असतं, त्या पानाचा फोटो काढत जा. तक्रारीला 'सिस्टिममध्ये गाडी वेळेवर दाखवतेय' असं उत्तर येतं, तेव्हा तो फोटोच कामी येतो. माझ्या एका महिन्याचे थोडे पैसे त्यामुळे परत मिळाले.

मी स्वतः डिसेंबरात पॅकेज बंद केलं. आता आमच्या शिफ्टचे आम्ही दोघं, मी आणि जवळच्या ब्रह्मांड वसाहतीतले एक निवृत्त शिक्षक, मिळून नाक्यावरच्या स्टँडवरची एक रिक्षा महिन्याने लावली आहे. रिक्षात हादरे बसतात, पावसात पडदा लावूनही एक बाजू भिजते आणि शिक्षकांना मागे टेकता येत नाही, ही रड आहेच. पण रिक्षावाला पावणेदहाला गेटवर उभा असतो, आणि दुपारी तीननंतर नौपाड्यातच एखादं जवळचं भाडं मारून परत येतो. एक जण आधी सुटला तर दुसऱ्यासाठी थांबायचं, असं आमचं तिघांचं ठरलेलं आहे. फिस्टुल्याचा हात कुठला, हे त्याने पहिल्याच दिवशी आपणहून विचारलं. त्याची सासू डायलिसिसवर होती.

गणपतीत मात्र तो आठ दिवस राजापूरला जाणार, हे त्याने आत्ताच सांगून ठेवलंय. तेव्हाची सोय शिक्षकांच्या भाच्याकडे लागली आहे, फक्त एक शुक्रवार अजून मोकळा आहे. कासारवडवली ते नौपाडा कुणी विश्वासाचा गाडीवाला माहीत असेल तर कळवा. अनामत रक्कम अजून परत आलेली नाही. विचारलं की "सात ते दहा कामकाजाचे दिवस" म्हणतात.