शिडाच्या छोट्या होडीला मोटर कोणती: विजेची की पेट्रोलची?

धक्क्यावरून बाहेर पडायचं आणि वारा पडला की परत यायचं, एवढंच काम असेल तर विजेची मोटर घ्या. 1 किलोवॅटची मोटर पूर्ण वेगात 1 किलोवॅट-तासाची बॅटरी तासाभरात संपवते. वेग निम्मा केला तर तीच बॅटरी कितीतरी लांब नेते. समोरून वारा आणि ओहोटीची ओढ असेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो. तिथे पेट्रोलच हवं.

पण पेट्रोल इंजिन पडून राहिलं की रुसतं. जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक छिद्रात बसतो, मग सुरू करायची दोरी कितीही ओढा. म्हणून ठेवण्याआधी इंजिन गोड्या पाण्यात चालवा, इंधनाचा कॉक (तोटी) बंद करा आणि आतलं पेट्रोल संपून ते आपोआप थांबू द्या. विजेच्या मोटरीचे कनेक्टर तेवढे कोरडे ठेवा.